वारीवर लिहिताना संदर्भ कुठले?

मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याला वारीवर प्रकल्प लिहायचा आहे, असं समजू. इंटरनेटवर मजकूर ढीगभर सापडतो, पण निरीक्षण कोणाचं, केव्हाचं, हे बहुतेक वेळा कळतच नाही. म्हणून सुरुवात मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांपासून करावी. पंढरीच्या वाटेवर स्वतः चालून त्यांनी लिहिलेला लेख १९६२ साली इंग्रजीत ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये छापून आला. एकत्र चालणाऱ्या दिंडीतही जेवणाच्या पंगती जातीनुसार वेगळ्या बसत, हे त्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. असं साक्षीचं लेखन हाच या विषयाचा खरा पाया.

या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला, ते गूगल स्कॉलरवर त्याच्या नोंदीखालीच दिसतं. शोधगंगावर भारतीय विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध मोफत वाचता येतात. तिथे आधी संदर्भसूची उघडा. एन्थोव्हेनसारख्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचे जुने ग्रंथही जरूर वाचा, पण त्या काळच्या राज्यकर्त्यांची नजर म्हणून. आजच्या समाजाचं वर्णन म्हणून नव्हे.

संदर्भ देताना मजकुरातच लेखकाचं आडनाव आणि वर्ष द्यावं. शब्दशः उतारा घेतला, तर पान क्रमांक हवाच. कर्व्यांचं म्हणणं दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलं असेल, तर तसं स्पष्ट लिहावं. आणि एखाद्या वारकरी आजींशी तुम्ही स्वतः बोललात, तर मुलाखतीची तारीख आणि ठिकाण नोंदवा. नाव मात्र त्यांनी संमती दिली तरच.