पदवी की सनद?

बी. कॉम.चा निकाल लागला की कटंगीतील अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलाने वा मुलीने पुढे एम. कॉम. करावे, की सनदी लेखापालाच्या परीक्षेस बसावे? पुष्कळदा त्याचा निर्णय प्रतिष्ठेवर होतो. शेजाऱ्याचा मुलगा सी. ए. झाला, म्हणून आपल्यानेही व्हावे, असे वडिलांस वाटते. मुलीच्या बाबतीत, दोन वर्षांत पदवी हाती येईल आणि मग लग्नाचे पाहता येईल, असा आजीचा हिशेब असतो. ज्याने अभ्यास करावयाचा, त्यास मात्र कोणी विचारीत नाही.

या दोन वाटा मुळातच निराळ्या आहेत. मुंबईत 1913 साली सिडनहॅम महाविद्यालय निघाले आणि वाणिज्यशिक्षणास विद्यापीठात स्थान लाभले. परंतु हिशेब तपासणाऱ्यास पुस्तकी विद्या पुरत नाही. 1918 साली मुंबईत लेखाशास्त्राचा सरकारी डिप्लोमा सुरू झाला, तेव्हा तो मिळविणाऱ्यासही अनुभवी लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी करावी लागे. 1949 च्या कायद्याने सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली, तरी उमेदवारीचा दंडक राहिलाच. 2023 च्या नव्या योजनेत तिची मुदत दोन वर्षांवर आली एवढेच. कंपनीच्या हिशेबावर लेखापरीक्षक म्हणून सही करण्याचा अधिकार या सनदेने मिळतो. एम. कॉम.ला तो नाही, मग गुण कितीही असोत.

एवढ्यावरून सनदच श्रेष्ठ, असे म्हणून मोकळे होता येत नाही. एम. कॉम. केव्हा संपणार, हे प्रवेश घेतानाच ठाऊक असते. सनदेचे तसे नाही. प्रत्येक विषयात किमान 40 आणि संपूर्ण गटात मिळून निम्मे गुण हवेत. एका विषयात 39 पडले की तो गट अडतो. 60 वा अधिक गुण मिळालेल्या विषयास पुढे सूट असते, हाच काय तो दिलासा. चार-पाच एकर धानावर चालणाऱ्या घरास शुल्काहून ही अनिश्चितीच जड जाते. तिसऱ्या खेपेनंतर घरात परीक्षेचा विषय निघेनासा होतो, आणि ते मौन अभ्यास करणाऱ्यास बोलण्याहून अधिक बोचते.

त्यातच कटंगी पडली सीमेवर. 1956 पर्यंत नागपूर हे बालाघाट जिल्ह्याच्याही राजधानीचे शहर होते. राज्ये बदलली, तरी तिरोडी आणि भरवेलीच्या मँगनीज खाणी चालविणाऱ्या 'मॉईल' कंपनीचे मुख्य कार्यालय आजही नागपुरासच आहे. उमेदवारीचे किमान विद्यावेतन शहराच्या लोकसंख्येवर ठरते. चार लाखांहून लहान गावी ते सर्वांत कमी. बालाघाटास राहिल्यास पैसा थोडा, पण घरचे जेवण. नागपुरास पैसा अधिक, पण खोलीचे भाडे तो गिळते. मात्र धानाच्या गिरणीचे हिशेब तपासणे निराळे आणि मोठ्या कंपनीचे निराळे. ज्यास कंपन्यांतच काम करावयाचे आहे, त्याने भाड्याची झळ सोसूनही नागपूर गाठावे.

एम. कॉम. कोणी करावे? ज्यास शिकविण्याची आवड आहे, त्याने अवश्य करावे. मात्र 2021 च्या मार्चमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सनदी लेखापालाची पात्रता पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची मानली, हे त्यानेही ध्यानी घ्यावे. बँकेतील अधिकाऱ्याच्या परीक्षेस साधी पदवी चालते. केवळ त्यासाठी आणखी दोन वर्षे खर्चण्यात अर्थ नाही.

बी. कॉम.ला 55 टक्के गुण असतील, तर सनदेची प्रवेशपातळीवरील परीक्षा टळते आणि थेट मधल्या परीक्षेची तयारी करता येते. या मधल्या परीक्षेच्या किती खेपा द्यावयाच्या, हे नाव नोंदविण्याआधीच घरात उघड बोलून ठरवावे. ती साधली आणि उमेदवारी झाली, की पुढे अंतिम परीक्षा अडली तरी दोन वर्षांचे काम हाती राहते. वस्तू व सेवा कराची विवरणे बिनचूक भरणारा माणूस गिरणीवाल्यांनाही हवाच असतो.