जन्मतारीख आणि फुटबॉलचें मैदान



फुटबॉलच्या सामन्यास पंचाच्या शिट्टीनें प्रारंभ होतो, अशी सर्वांची समजूत असते. मोठ्यांच्या सामन्यापुरती ती खरीही आहे. मुलांच्या स्पर्धेचा खरा प्रारंभ मात्र त्यापूर्वीं तासभर, मैदानाच्या कडेस मांडलेल्या एका टेबलापाशीं होतो. तेथें दोन गृहस्थ बसलेले असतात. समोर कागदांची चळत, ती वाऱ्यानें उडूं नये म्हणून तीवर ठेवलेला एखादा दगड, आणि पुढें मुलांची रांग. शाळेचें ओळखपत्र, मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला, जन्माचा दाखला, आधारपत्र. एकेकाचें नांव पुकारलें जातें, त्याच्या तोंडाकडे व छायाचित्राकडे आळीपाळीनें पाहिलें जातें, आणि मग जन्मतारखेवर बोट ठेवलें जातें. त्या बोटाखालीं जें लिहिलेलें असेल त्यावर पुढच्या दोन दिवसांचा सारा खेळ उभा असतो.

अहमदनगर जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें, हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा जिल्हा होय. चौदा तालुके आणि सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्तार. एवढ्या पसाऱ्यांतील मुलें एका मैदानावर आणावयाचीं तर शाळेच्या सुटीखेरीज मार्ग नाहीं; म्हणून शनिवार-रविवार. अकोले तालुक्यांतील एखाद्या शाळेचा संघ डोळ्यांसमोर आणावा. पहांटे अंधारांत त्यांनीं एस्. टी. धरलेली असते, संगमनेर मागें टाकून शंभराहून अधिक किलोमीटरांचा प्रवास झाला कीं नगर दिसूं लागतें. कळसूबाईच्या बाजूस पाऊस फार. त्या मुलांना चिखलांत थबकणाऱ्या चेंडूची संवय. नगरकडे पाऊस बेताचा आणि मैदान मुरुमाचें. तेथें तोच चेंडू गुडघ्याएवढा उसळतो आणि पडणाऱ्याचें ढोपर सोलून निघतें. पहिला अर्धा तास तर हीं पोरें चेंडूच्या मागें नव्हे, त्याच्या उसळीच्या मागें धांवत असतात.

स्पर्धेची रचना बहुधा अशी असते. चार-चार संघांचे गट पाडावयाचे. गटांतील प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावयाचें. वर आलेल्यांचा उपान्त्य सामना आणि मग अंतिम सामना. म्हणजे शेवटपर्यंत पोंचणाऱ्या संघास दोन दिवसांत पांच सामने. मोठ्यांचा सामना ४५ मिनिटांच्या दोन भागांचा असतो. मुलांसाठीं वेळ, मैदान आणि चेंडू हीं तिन्ही लहान करण्यास नियमांनींच मुभा दिली आहे. मोठ्यांचा पांच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा, तर चार नंबरचा ३५० ते ३९० ग्रॅम. वीस-वीस मिनिटांचे दोन भाग ऐकावयास सोपे वाटतात. परंतु शनिवारीं दोन सामने खेळून एखाद्या शाळेच्या वर्गांत सतरंजीवर झोंपलेला मुलगा रविवारीं सकाळीं उठतो तेव्हां त्याच्या पोटऱ्या दगड झालेल्या असतात. पहिल्या सामन्यांत चलाखी जिंकते. चौथ्या-पांचव्यांत हाडापेराचा जोर जिंकतो. आठवड्याला एक सामना असता तर लहानखुऱ्या मुलाच्या चपळाईस विसांवा मिळाला असता. दोन दिवसांच्या स्पर्धेंत तो मिळत नाहीं, आणि म्हणूनच वयाचा प्रश्न येथें जितका तीव्र होतो तितका अन्यत्र क्वचितच होतो.

हा प्रश्न फार जुना नव्हे. हिंदुस्थानांत हा खेळ छावण्यांतून पसरला. नगरचा किल्ला १८०३ सालीं इंग्रजांच्या हातीं गेला आणि येथें गोऱ्या पलटणींचा तळ पडला. फुटबॉलचे नियम मात्र इंग्लंडांत त्यानंतर साठ वर्षांनीं, १८६३ सालीं, लेखी बांधले गेले. सिमल्याची ड्यूरँड स्पर्धा १८८८ ची, मुंबईची रोव्हर्स १८९१ ची. त्या स्पर्धांत पलटणी खेळत; शिपायाला त्याचें वय विचारण्याचें कारणच नव्हतें. शाळकरी मुलांसाठीं अखिल भारतीय सुब्रतो चषक १९६० सालीं सुरू झाला, आणि हिंदी फुटबॉलच्या दारांत जन्माचा दाखला येऊन बसला तो अशा शालेय स्पर्धांमुळेंच.

गणित साधें आहे. चौदा वर्षांखालील गट म्हणजे त्या वर्षाच्या अखेरीस ज्याला चौदा पुरीं झालीं नाहींत तो. सीमा १ जानेवारीची. आतां एकाच गटांत जानेवारींत जन्मलेला एक आणि डिसेंबरांत जन्मलेला दुसरा मुलगा उभा करावा. दोघांचेही कागद निर्दोष. परंतु दोघांत जवळजवळ एका वर्षाचें अंतर. ऐन वाढीच्या वयांत मुलगा एका वर्षांत आठ-दहा सेंटिमीटर उंच होतो. तेव्हां निवडीच्या दिवशीं शिक्षकाच्या नजरेंत कोण भरतो हें सांगावयास नको. कॅनडांत १९८५ सालीं बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हां निवडलेल्यांत वर्षाच्या आरंभीं जन्मलेल्यांचीच दाटी आढळली. बेल्जमचें उदाहरण त्याहून बोलकें आहे. तेथें मुलांच्या फुटबॉलची वयोमर्यादा १ ऑगस्टपासून मोजीत. १९९७ सालीं ती १ जानेवारीपासून मोजूं लागले. थोड्याच काळांत ऑगस्ट-सप्टेंबरांत जन्मलेल्या गुणी मुलांची संख्या घटली आणि जानेवारी-फेब्रुवारींत जन्मलेले गुणवान ठरूं लागले. गुण जन्मापासूनच असतो असें मानणाऱ्यांनीं यावर अवश्य विचार करावा. येथें गुण कचेरींतील दिनदर्शिकेबरोबर जागा बदलतांना दिसला.

या नियमास अपवाद निघतात. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतांत झाला. त्यासाठीं जन्माची सीमा १ जानेवारी २००० ही होती. भारतीय संघांत कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत तयार झालेला अनिकेत जाधव होता. त्याचा जन्म जुलै २००० चा. मणिपूरचा जॅक्सन सिंग २००१ च्या जूनचा, म्हणजे सीमेवरील मुलाहून जवळजवळ दीड वर्षानें लहान. ९ ऑक्टोबर २०१७ रोजीं कोलंबियाविरुद्ध भारताचा विश्वचषकांतील पहिला गोल झाला तो या जॅक्सनच्या डोक्यानें. सामना २-१ असा गमावला खरा. परंतु ज्यानें गोल केला तो मोठ्यांत लहान होता. मात्र तोही उंचापुरा होता, हें सांगितलें पाहिजे.

हें झालें निसर्गाचें व दिनदर्शिकेचें. दुसरा प्रकार माणसांनीं निर्माण केलेला आहे. तेरा वर्षांच्या मुलांच्या रांगेंत ओठांवर मिसरूड फुटलेला, आवाज फुटलेला एक गडी उभा असतो आणि त्याचा दाखला बाराच वर्षांचा असतो. टेबलामागील गृहस्थ एकमेकांकडे पाहतात. कागद बरोबर आहे. मग बोलावें काय?

या चोरीचें मूळ शोधूं गेल्यास तें मैदानावर सांपडत नाहीं. शाळेच्या जनरल रजिस्टरांत सांपडतें. महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांत साठी उलटलेल्या माणसांस जन्मतारीख विचारावी. कितीएकांची १ जून निघते. नवरा-बायको, सख्खे भाऊ, सरपंच आणि पोलीसपाटील, सर्वांचा वाढदिवस एक. हा कांहीं ग्रहयोग नव्हे. आई सांगे, 'पोळ्याच्या आदल्या दिवशीं झाला, थोरल्याच्या पाठीवर दोन वर्षांनीं.' एवढ्या पुराव्यावर गुरुजींनीं तारीख लिहावयाची. ते पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास लावीत. कान हाताशीं आला कीं वय भरलें. शाळा जूनमध्यें उघडे, म्हणून १ जून. त्यांत कपट नव्हतें. उलट पोराचें वर्ष फुकट जाऊं नये ही कळकळ होती. कित्येक मुलें या शाईनें वर्ष-दीड वर्षानें मोठीं झालीं, आणि पुढें नोकरींतून तितकींच लवकर निवृत्त झालीं. ३१ मे रोजीं सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची जी झुंबड उडते ती याच उदार शाईची करणी. परंतु त्या सोयीनें समाजाला एक वाईट संवय लागली. जन्मतारीख ही घडलेली गोष्ट नसून लिहून घेण्याची गोष्ट आहे, असें लोकांना वाटूं लागलें. ज्या बापाची स्वतःची तारीख गुरुजींनीं ठरविली, त्याला मुलाची तारीख एका चषकासाठीं दोन वर्षें पुढें सरकविण्यांत मोठेंसें पाप दिसत नाहीं. त्याचे गुरुजी पोरांना मोठें करीत. हा लहान करतो, एवढाच फरक.

आतां काळ पालटला आहे. जन्म बहुधा रुग्णालयांत होतात आणि १९६९ च्या कायद्यान्वयें त्यांची नोंद होते. २०२३ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांस शाळाप्रवेशादि कामांसाठीं जन्माचा दाखला हाच पुरावा ठरला. तीं मुलें मैदानावर येण्यास मात्र अजून अवकाश आहे. तोंपर्यंत अनुभवी माणूस दाखल्यावरील जन्मतारीख मागाहून पाहतो. आधीं पाहतो ती नोंदणीची तारीख. मूल दहा वर्षांचें झाल्यावर झालेली नोंद दिसली कीं तो चष्मा पुसून घेतो.

कागद खोटा बोलला तर हाडें खरें बोलतील, अशी शास्त्रज्ञांची आशा आहे. मनगटापाशीं हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा असते; वाढ संपत आली कीं ती हाडांत मिळून जाते. सोळाव्या वर्षीं ती पूर्णपणें मिळालेली क्वचितच आढळते. या आधारावर फिफा या जागतिक संघटनेनें २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठीं मनगटाची एम्. आर्. आय्. तपासणी आरंभिली. भारतांतही हाताच्या क्ष-किरण चित्रावरून वय अजमावण्याची रीत आहे. परंतु हाडाचें वय आणि पंचांगाचें वय हीं नेहमींच जुळतात असें नाहीं; लवकर वाढणाऱ्या प्रामाणिक मुलाचें हाड वर्षभर पुढें असूं शकतें. शिवाय शनिवार-रविवारच्या सामन्यांत दोनशे मुलांचीं मनगटें कोण आणि कोणाच्या पैशानें तपासणार? तेथें शेवटीं मुख्याध्यापकांची सही हाच क्ष-किरण.

यांत खरें नुकसान कोणाचें होतें? ज्या बारा वर्षांच्या मुलाची जागा गेली त्याचें, हें उघड आहे. तो दोन दिवस राखीव गड्यांत बसून पाण्याच्या बाटल्या राखतो आणि पुढच्या वर्षीं बहुधा येत नाहीं. परंतु वय चोरलेल्या मुलाचें नुकसानही कमी नव्हे. समोरच्याला खांद्यानें बाजूस सारून पुढें जातां येतें, मग तो चेंडू दोन्ही पायांनीं थांबविण्यास शिकेल कां? मान वर करून जोडीदार कोठें आहे हें पाहील कां? अठराव्या वर्षीं सर्वांचीं शरीरें बरोबरीस येतात आणि त्या दिवशीं या मुलाजवळ कांहींच उरत नाहीं. त्याच्या गुरूनें त्याला चार चषक मिळवून दिले आणि खेळ तेवढा हिरावून घेतला, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

या बाबतींत परदेशाकडे पाहण्याची सर्वस्वीं गरज आहे असेंही नव्हे. इंग्लंडांतील मोठे संघ २०१५ च्या सुमारास मुलांना वयाऐवजीं शरीराच्या परिपक्वतेप्रमाणें एकत्र खेळवून पाहूं लागले आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. आपल्या कबड्डींत लहान गटांना वयाबरोबर वजनाचीही मर्यादा आहे. खोखोंत वय, उंची आणि वजन यांची बेरीज करून गट ठरविण्याची पद्धत होती. आखाड्यांतील वस्तादानें तर जोड लावतांना दाखला कधींच मागितला नाहीं. तो दोघांच्या मांड्या आणि माना पाही. फुटबॉलच्या एखाद्या स्पर्धेंत शनिवारच्या सकाळीं एक वजनाचा काटा टेबलाशेजारीं ठेवून पाहण्यास हरकत नाहीं. त्यानें निकाल लागणार नाहीं, पण पंचाला कोठें डोळा ठेवावयाचा हें कळेल. मुलांच्या सामन्यांत बाहेर काढलेल्या गड्यास पुन्हां आंत घेण्याची सवलतही नियमांत देतां येते. तिचा उपयोग करणारे संघचालक मात्र थोडे. बहुतेकांचे अकराच गडी पांचही सामने ओढतात आणि बाकीच्या पोरांचे गणवेश घरीं जाईपर्यंत पांढरेशुभ्र राहतात.

राहिला प्रश्न टेबलापाशीं अडविलेल्या मुलाचा. नियम सांगतो, त्याला बाद करावें; आणि तें योग्यच आहे. परंतु बहुतेक ठिकाणीं हा निवाडा सर्व संघांदेखत, ध्वनिक्षेपकावरून पुकारला जातो. मुलगा मान खालीं घालून कपडे बदलतो. त्याला आणणारे गृहस्थ मात्र सावलींत खुर्चीवर बसून उरलेल्या गड्यांना सूचना देत असतात. दाखला त्या मुलानें लिहिलेला नसतो, बहुधा त्यानें तो वाचलेलाही नसतो. दंड व्हावयाचा तर त्या संघचालकाला व्हावा, त्याला दोन दिवस रेषेच्या बाहेर ठेवावें, आणि ही गोष्ट मुलाला बाजूस घेऊन हलक्या आवाजांत सांगावी. मग त्याच्या हातीं रेषेवरच्या पंचाचें निशाण द्यावें. दोन दिवसांच्या स्पर्धेंत रेषेवर उभें राहण्यास माणसें नेहमींच कमी पडतात, आणि ऑफसाइड कोणता हें अशा थोराड पोराला लहानांपेक्षां बरें कळतें.