मौनातील बुद्धिबळ

(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषण)

मी कापडाचा व्यापारी. भाषण करणे हा माझा प्रांत नव्हे. परंतु या सभागृहाविषयी एक विनंती करावयाची आहे, आणि तिच्यामागील हकीकत आधी सांगणे भाग आहे.

आमच्या दुकानात तागे दाखविणारा एक कर्णबधिर तरुण आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असले की आम्ही पट मांडतो आणि बहुधा मीच हरतो. या खेळाला कानांची गरज नाही. शह तोंडाने उच्चारलाच पाहिजे असे नियमांत नाही. बरोबरीचा प्रस्ताव तर चाली लिहिण्याच्या कागदावरही चिन्हाने नोंदवावा लागतो. म्हणून मी त्याला एका खुल्या स्पर्धेस नेले. तिसऱ्या फेरीपूर्वी पट बदलल्याची घोषणा ध्वनिक्षेपकावरून झाली. तो आधीच्या पटाशी शांतपणे बसून राहिला. तिकडे दुसऱ्या पटावर त्याचे घड्याळ चालू होते. एकही चाल न करता तो हरला. आयोजकांना दोष द्यावा, तर मी तरी कोठे होतो? बाहेर चहा घेत होतो!

त्यानंतर मी माहिती मिळवू लागलो. अमेरिकेचे रसेल शॉवेने यांची श्रवणशक्ती दहाव्या वर्षी आजारात गेली. तरीही १९५९ मध्ये तेथील राष्ट्रीय हौशी बुद्धिबळ स्पर्धा त्यांनी जिंकली. मग कर्णबधिरांना स्वतंत्र मंडळे कशाला हवीत, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर त्या तरुणाकडे पाहून मिळाले. डाव संपल्यावर इतर खेळाडू तासभर चर्चा करतात, चुका शोधतात; खेळ खरा तेथे सुधारतो. तो मात्र सोंगट्या डब्यात भरून एकटाच निघतो. कर्णबधिर खेळाडूंची आंतरराष्ट्रीय संघटना १९४९ मध्ये कोपनहेगन येथे स्थापन झाली, आणि २०१९ मध्ये इटलीत भरलेल्या कर्णबधिरांच्या हिवाळी जागतिक क्रीडास्पर्धेत बुद्धिबळाचा प्रथमच समावेश झाला. आपल्या गावात मात्र अशा मुलांना एकत्र बसण्यास जागा नाही.

रविवारी दुपारी हे सभागृह रिकामे असते. विश्वस्तांनी ते दोन तास या मुलांना द्यावे. सहा पट व घड्याळे माझ्याकडून. भिंतीवर एक मोठा फळा तेवढा हवा. सूचना लिहिण्यास मी स्वतः उभा राहीन. चहा नंतर घेईन.