पैलवानाचा खुराक आणि क्रिएटिन

बेळगाव, इंदूर, बडोदे येथील तालमींत पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप आणि बदामाची थंडाई, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अलीकडे तिच्या शेजारी क्रिएटिन नामक पांढऱ्या भुकटीचा डबा येऊन बसला आहे. तो पाहून वस्तादांच्या व पालकांच्या मनात शंका यावी, हे स्वाभाविकच होय.

वास्तविक हे द्रव्य शरीरास परके नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांनी १८३२ साली ते मांसातून वेगळे काढले. मनुष्याचे शरीरही ते स्वतः तयार करते व बहुतेक सर्व साठा स्नायूंत ठेवते. डाव टाकताना पहिल्या काही सेकंदांत खर्च होणारी शक्ती तत्काळ भरून काढणे, हे या साठ्याचे कार्य. भुकटीच्या सेवनाने तो वाढतो, हे १९९२ साली हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. शाकाहारी खेळाडूंचा मूळ साठा कमी असल्याने त्यांस लाभ बहुधा अधिक होतो. लांब पल्ल्याच्या धावपटूस मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

१९९७ च्या अखेरीस अमेरिकेत अवघ्या ३३ दिवसांत तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले आणि संशय क्रिएटिनवर आला. चौकशीत कारण निराळेच निघाले. वजनगटात बसण्यासाठी त्या तरुणांनी पाणी वर्ज्य करून, घाम कोंडणारे पोशाख चढवून, उष्ण जागेत कठोर व्यायाम केला होता. पुढे तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने अशा पोशाखांवर बंदी घातली. एका रात्रीत दोन-चार किलो उतरविण्याचा हट्ट आपल्याकडील आखाड्यांनाही अपरिचित नाही. भुकटीपेक्षा धास्ती घ्यावी ती त्याची. शिवाय क्रिएटिनमुळे स्नायूंत पाणी साठून आरंभी एखादा किलो वजन वाढते, हे मल्लाने ध्यानी ठेवलेले बरे.

मूत्रपिंडांविषयीच्या भीतीचे मूळ रक्ततपासणीत आहे. क्रिएटिनचे रूपांतर क्रिएटिनिनमध्ये होत असल्याने तो आकडा थोडा चढलेला दिसू शकतो. म्हणून तपासणीपूर्वी डॉक्टरांस सेवनाची कल्पना द्यावी. निरोगी प्रौढांस रोज ३ ते ५ ग्रॅम मात्रेने मूत्रपिंडांस अपाय झाल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून ते घेऊ नये.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत क्रिएटिन नाही. तथापि डब्यात निषिद्ध द्रव्याची भेसळ निघाल्यास जबाबदारी खेळाडूवरच येते. यास्तव स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेलाच माल घ्यावा आणि पावती व बॅच क्रमांक जपून ठेवावा.