पऱ्हाटीचा फोटो आणि सातबारा



आपल्या वर्धा जिल्ह्याचा कापूस फोटोत फार देखणा दिसतो. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटली की फोटोवाले रस्त्याच्या कडेला गाडी थांबवतात, वेचणाऱ्या बाईला जरा हसायला सांगतात, फोटो घेतात आणि जातात. तिला किलोमागे वेचणी काय मिळाली ते फोटोत येत नाही. माल ओला आहे म्हणून व्यापाऱ्याने भाव किती पाडला, तेही येत नाही.

ही परक्याची नजर जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे इंग्लंडच्या बाजारात कापसाच्या एका जातीचे नाव होते. १८६७ साली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली आणि माल मुंबई बंदराकडे निघाला. नाव आपल्या गावाचे, भाव ठरवणारा साता समुद्रापलीकडचा!

पुढे सेवाग्रामात कनू गांधींनी बापूंचे फोटो काढले. बापूंच्या तीन अटी होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचे नाही, आश्रम पैसा देणार नाही. तिन्ही अटी आपल्यालाही लागू करण्यासारख्या आहेत, तिसरी तर आपोआपच लागू आहे!

कारण आता कॅमेरा तुमच्याच खिशात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पेरा तलाठी लिहायचा, आणि वावरात पऱ्हाटी असताना कागदावर भलतेच पीक निघायचे. आता तुम्ही शेतात उभे राहून फोटो काढायचा आणि नोंद करायची. हे सरकारचे काम आपल्या माथी मारले, असे कोणी म्हणेल. म्हणा, पण फोटो काढून मग म्हणा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. सीसीआय सातबाऱ्यावर कापसाची नोंद पाहते. नोंद नसेल तर घरात कापसाची गंजी असूनही हमीभावाच्या काट्यापर्यंत पोचता येत नाही, गाडी खासगी व्यापाऱ्याच्या दारात उभी राहते.

दुसरे काम सरकारसाठी नाही, स्वतःसाठी. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. ही अळी हिरव्या बोंडाच्या आत असते, बाहेरून बोंड चांगले दिसते. म्हणून झाडाचा नुसता हिरवागार फोटो कामाचा नाही. डोमकळी दिसली की तिचा घ्या. बोंड फोडून आतला घ्या. वेचणीत कवडी निघाली तर तिचाही घ्या.

आणि बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल, लॉट नंबर अन् पावती यांचा फोटो पेरणीच्या दिवशीच काढून ठेवा. पिशवी पावसात भिजते, आणि मशीनमधून निघालेल्या पावतीवरची अक्षरे बोंड फुटेपर्यंत उडून गेलेली असतात.