शपथेनंतरचा आठवडा
(तांजोंग पगार येथील कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



ज्या तांजोंग पगारमध्ये आपण जमलो आहोत, तेथे नील रोडच्या कोपऱ्यावर 1903 साली बांधलेले रिक्षा-ठाणे अद्याप उभे आहे. हातरिक्षा ओढणारे चिनी मजूर या परिसरात दाटीवाटीने राहत. बायकामुले दूर मायदेशी, दिवसभर उन्हापावसात धावणे आणि रात्री अंगदुखीवर एकच उतारा : अफू. ती येई आपल्याच हिंदुस्थानातून. एकोणिसाव्या शतकात येथील वसाहत सरकारच्या महसुलाचा निम्म्याच्या आसपास भाग तिच्यावर उभा होता. सरकार तिच्यावर पैसा मिळवी आणि दुर्बल मनाचा म्हणून दोष मात्र मजुराला! डॉ. चेन सू लान यांनी 1933 मध्ये अफूग्रस्तांसाठी चिकित्सालय उघडले. त्यांनी या माणसांना रुग्ण मानले. संपूर्ण अफूबंदी आली ती 1946 साली.

आपल्या घरांत आज अफू नाही, मद्य आहे. परदेशातील एकटेपणा मात्र तोच. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी मद्यपान न करण्याची आहे. त्यामुळे कोणी पिऊ लागले की आपली कुटुंबे ते दुप्पट लपवतात. विहारापासून आणि डॉक्टरांपासूनही. मग एका रात्री भाऊ-मेहुणे जमतात, बुद्धमूर्तीसमोर शपथ घ्यायला लावतात, बाटल्या मोरीत ओततात आणि त्याला खोलीत बसवतात. हेतू निर्मळ असतो. परंतु आम्हा वैद्यकांना धास्ती वाटते ती याच रात्रीची.

वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी मद्य सोडले, तर सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो : नसलेली माणसे दिसतात, स्थळकाळाचे भान सुटते. उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. म्हणून शपथ अवश्य घ्यावी. मात्र तो पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीत जावा. औषधांनी आणि बी-1 जीवनसत्त्वाने हा धोका पुष्कळ टळतो.

मनाला याहून अधिक काळ लागतो. कित्येकांत नैराश्य किंवा निद्रानाश आधीपासूनच असतो. मद्य सुटल्यावर तो उघडा पडतो. तेव्हा दोहोंवर एकत्र उपचार हवेत.

पुण्यात 1986 साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णाजवळ बसतात. आमच्या मते या सोबतीची बरोबरी आमचे कोणतेही औषध करू शकत नाही. रुग्णांच्या पत्नींसाठीही ‘सहचरी’ गट आहे. नवऱ्याचे व्यसन झाकता झाकता तीही आजारी झालेली असते, हे तेथे ओळखले गेले.

सिंगापुरात बुआंगकोक येथील मानसिक आरोग्य संस्थेत व्यसनांसाठी स्वतंत्र सेवा आहे. तेथवर एकट्याने जाण्यास संकोच वाटत असेल तर आम्ही बरोबर येऊ. भोजनोत्तर आम्ही मागील खोलीत बसणार आहोत. पती येण्यास तयार नसेल तर पत्नीने एकटीने यावे. नाव विचारले जाणार नाही.

जयभीम.