धंदेशिक्षणाचा दर्जा व प्रमाणपत्राची पारख
(शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात दिलेले भाषण)



तारतंत्री शाळेच्या खोलीत वीजजोडणी करून गेला म्हणजे त्याच्या कामाचा बहुतेक भाग भिंतीत आणि नळीत दडलेला असतो. दिवा लागला की काम झाले, असे पाहणाऱ्यास वाटते. अर्थिंगची तार जमिनीत नीट पोचली आहे किंवा नाही, हे दिव्याकडे पाहून कळत नाही. पावसाळ्यात एखाद्याचा ओला हात पंपाच्या लोखंडी पेटीला लागला म्हणजे कळते, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. सुताराने केलेल्या खुर्चीवर गिऱ्हाईक बसून पाहू शकते. ज्या कामाची पारख गिऱ्हाइकास करता येत नाही, ती कोणा जाणकाराने आधीच करून ठेवावी लागते. प्रमाणपत्र म्हणजे ही आधी करून ठेवलेली पारख होय, आणि धंदेशिक्षणाच्या नियमनाचा सारा खटाटोप तिच्यासाठीच असतो.

या विषयाशी प्राथमिक शिक्षकाचा संबंध काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील तारतंत्री, संधाता यांसारख्या व्यवसायांस आठवी उत्तीर्ण मुलास प्रवेश मिळतो. जोडारी व वीजतंत्री यांस दहावी लागते. म्हणजे या वाटेचा पहिला फाटा गावच्या शाळेच्या दारातच फुटतो. तालुक्याच्या गावी कोणी नवी संस्था काढलेली असते, तीन महिन्यांत प्रमाणपत्र देण्याचे आश्वासन असते, आणि मुलाचा बाप गुरुजींना किंवा बाईंना विचारावयास येतो. चुकीचे उत्तर मिळाल्यास मुलाचे एक वर्ष जाते आणि जनावर विकून उभा केलेला पैसाही जातो.

भारत सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू केली. १९५६ साली संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. अभ्यासक्रम, परीक्षा व प्रमाणपत्र यांचे मान मात्र सर्व देशात एकच राहावे म्हणून त्याच वर्षी एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. ही वाटणी फार विचारपूर्वक केलेली होती. शिकविणारा एक आणि माप ठरविणारा दुसरा, हे तत्त्व तिच्यात होते. आजही अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेस बाहेरचा परीक्षक येतो. उत्तीर्ण होण्यास प्रात्यक्षिकात शेकडा ६० गुण लागतात, लेखी विषयांत शेकडा ३३ पुरतात. सर्वसाधारण शाळेत कित्येकदा याच्या उलट स्थिती आढळते!

वर्षभरातील अंतर्गत मूल्यमापनाची रीत तर शिक्षकांनी मुद्दाम पाहण्याजोगी आहे. निदेशकाने केवळ आकडा मांडून भागत नाही. हत्यार हाताळण्यातील कौशल्य किती, मापात अचूकता किती, कामात नेटकेपणा किती आणि काम पुरे करताना मदत किती लागली, या कसोट्यांवर गुणांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. शेकडा ६० ते ७५ गुण मिळविणाऱ्यास अधूनमधून आधार लागला तरी चालतो. ९० च्या वर जाणाऱ्यास तो जवळजवळ लागता कामा नये. शिवाय विद्यार्थ्याने केलेली कामे आणि त्यांच्या नोंदी पुढील परीक्षेपर्यंत जपून ठेवाव्यात, म्हणजे तपासणाऱ्यास पडताळा घेता येईल, असाही नियम आहे. हा नियम कित्येक ठिकाणी कागदावरच राहतो, ही गोष्ट निराळी. परंतु ‘मदत किती लागली’ ही कसोटी चौथीच्या भागाकारालाही तितकीच लागू पडेल.

पुढे, विशेषतः २००८ नंतर, अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाचा फार विस्तार झाला आणि जुनी वाटणी सैल झाली. निरनिराळ्या उद्योगांची क्षेत्रीय मंडळे निघाली. प्रशिक्षणाचे मान ठरविणे, केंद्रांस मान्यता देणे आणि परीक्षा घडवून प्रमाणपत्र देणे, ही कामे एकाच छपराखाली आली. २०१६ साली नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने या मंडळांच्या कार्यपद्धतीतील हितसंबंधांच्या गुंत्यावर बोट ठेवले. जितके उमेदवार उत्तीर्ण तितके अनुदान, अशी रचना झाली की नापास करण्याचे धैर्य कोणाजवळ उरावे? इंग्लंडमध्येही १९८६ नंतरच्या राष्ट्रीय धंदेशिक्षण अर्हतांच्या बाबतीत हाच आक्षेप घेतला गेला होता.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद अधिसूचित केली आणि २०२० पासून तिचे काम सुरू झाले. ही परिषद स्वतः शिकवीत नाही व परीक्षाही घेत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्था यांना ती मान्यता देते व त्यांच्यावर देखरेख ठेवते. मात्र काही संस्थांना ही दोन्ही कामे करण्याची मान्यता मिळू शकते, आणि ही सवलत मूळ तत्त्वाशी जुळणारी नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

याच्या जोडीला कौशल्य अर्हतेचा राष्ट्रीय आराखडा आहे. २०१३ साली तो दहा स्तरांचा होता. २०२३ च्या सुधारणेत आठ स्तर झाले. त्याच वर्षीच्या श्रेयांक आराखड्यानुसार पाचवीचा स्तर १, आठवीचा २, दहावीचा ३ व बारावीचा ४ धरला जातो. वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक. स्तर म्हणजे शिक्षणाची वर्षे नव्हेत. खालच्या स्तरावरील मनुष्य सांगितलेले, ठराविक काम देखरेखीखाली करतो. वरच्या स्तरावरील मनुष्य स्वतःच्या, आणि त्याहून वर गेल्यास दुसऱ्याच्याही कामाची जबाबदारी घेतो.

विचारावयास आलेल्या पालकास शिक्षकाने एवढे जरूर सांगावे. खाजगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेस मान्यता सरसकट नसते. ती व्यवसायागणिक व तुकडीगणिक असते. तेव्हा ‘संस्था मान्यताप्राप्त आहे’ या पाटीवर न थांबता, आपल्या मुलास हव्या असलेल्या व्यवसायाच्या तुकडीस मान्यता आहे काय, हे विचारावे. अल्पमुदतीच्या वर्गाच्या बाबतीत प्रमाणपत्र कोण देणार, त्यावर स्तर कोणता छापलेला असणार आणि ती अर्हता राष्ट्रीय नोंदपटात आहे काय, हे पाहावे. हा नोंदपट इंटरनेटवर खुला असल्याने शिक्षकाच्या भ्रमणध्वनीवरही पाहता येतो. परीक्षा कोण घेणार, या प्रश्नास ‘आमचेच सर’ असे उत्तर आल्यास अधिक चौकशी करणे इष्ट.

एक वर्ग मात्र या सर्व व्यवस्थेच्या कडेला उभा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली उमेदवार घेण्याची सक्ती तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांस आहे. बाजाराच्या गावी दोन-तीन माणसांच्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात राबणारा मुलगा तीत बसत नाही. त्याचा हात कदाचित संस्थेतील विद्यार्थ्याहून अधिक तयार असतो, पण कागद नसतो. अशांसाठी २०१५ नंतर पूर्वी मिळविलेल्या कौशल्यास मान्यता देण्याची सोय झाली. थोडी उजळणी आणि चाचणी, असे तिचे स्वरूप आहे. दहा वर्षे रचलेल्या भिंती चाचणीच्या एका बैठकीत कशा जोखाव्यात, याचे समाधानकारक उत्तर अद्याप सापडलेले नाही. गवंड्याने बांधलेले घर परीक्षकाने जाऊन पाहावे, हा साधा मार्ग खर्चाचा असल्याने मागेच राहिला आहे.